आश्रयाला आलेली झाडे

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. जिल्ह्यातील गोरगरीब त्याला सीपीआर म्हणून ओळखतात. त्याच्या समोरच टाऊन हॉलची बाग आहे. चंदगड, आजरा, गगनबावडा अशा दूरच्या तालुक्यांतून रुग्णाला घेऊन आलेल्या माणसांना इस्पितळाच्या व्हरांड्यात जागा पुरत नाही. मग ती या बागेतील जुन्या झाडांच्या सावलीत येतात, फडके पसरतात, घरून बांधून आणलेली भाकरी सोडतात आणि घटकाभर पाठ टेकतात. कोल्हापूर पाहावयास आलेला प्रवासी चार्ल्स मँटच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभ्या राहिलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीकडे पाहतो. आतील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती पाहतो आणि पुढे जातो. त्या प्रवाशासाठी बाग ही इमारतीभोवतीची शोभा असते. इस्पितळातून आलेल्या बाईसाठी मात्र ती शहराने तिला विनाअट दिलेली एकमेव जागा असते.

सार्वजनिक बाग कोणासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर या दोन माणसांच्या नजरांतील अंतरात आहे. तो प्रश्न किरकोळ समजला जातो. पाणी, रस्ते, घरे, रोजगार यांच्या यादीत बाग शेवटी येते आणि अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा प्रथम तिलाच लागते. चळवळीतील माणसेही बागेला मध्यमवर्गाच्या विरंगुळ्याचे साधन मानून तिच्याकडे पाठ फिरवतात. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे कोल्हापुरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. कारण येथे टाऊन हॉलच्या बागेपासून काही मैलांवर, शिवाजी विद्यापीठाच्या माळावर, आणखी एक बाग आहे. तेथे आश्रयाला आली आहेत ती झाडे. सह्याद्रीच्या कड्यांवरून आणि सड्यांवरून त्यांना येथे आणावे लागले, कारण त्यांच्या मूळ घरी त्यांचा भरवसा राहिला नाही.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. शहराच्या कडेला साडेआठशे एकरांच्या आसपास जमीन त्याला मिळाली. ही जमीन म्हणजे उघडा, खडकाळ माळ होता. पावसाळ्यात कुसळी गवत आणि उन्हाळ्यात तापलेला मुरूम. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून या माळावर झाडे लावण्याचे काम चालले. ‘कमवा व शिका’ योजनेतून शिकलेली खेड्यापाड्यांतील मुले या विद्यापीठाच्या घडणीचा भाग आहेत. आज त्या आवारात गर्द झाडी आहे, पावसाचे पाणी अडवणारी तळी आहेत, आणि सकाळी फिरावयास येणाऱ्या नागरिकांना तेथे कधी काळी उजाड माळ होता हे सांगूनही पटत नाही. सामूहिक श्रमाने उजाड जमीन काय होऊ शकते याचा दाखला हवा असल्यास कार्यकर्त्याने दूर जाण्याचे कारण नाही.

याच आवारात वनस्पतिशास्त्र विभागाने जोपासलेले वनस्पती उद्यान आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने ‘लीड बोटॅनिकल गार्डन’, म्हणजे या क्षेत्रातील अग्रेसर उद्यान, म्हणून त्याला मान्यता दिली. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे सह्याद्री पायी तुडवून दुर्मिळ वनस्पती शोधल्या, काहींची विज्ञानाला प्रथमच ओळख करून दिली, आणि त्यांची रोपे येथे वाढवली. साध्या बागेत फुलांच्या रांगा आणि कातरलेली हिरवळ असते. वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडामागे एक नोंद असते. ते कोठून आणले, केव्हा आणले, त्याचे नातलग कोणते, ते जगात आणखी कोठे उरले आहे, हे सारे सांगणारी ती नोंद. म्हणून तेथे हिंडताना केवळ डोळे सुखावत नाहीत. एका प्रदेशाची जमाखर्चाची वही उघडी पडते.

त्या वहीतील एक पान कंदीलपुष्पाचे आहे. पावसाळ्यात जमिनीतील कंदातून उगवणारी ही नाजूक वनस्पती. काही जाती वेलीसारख्या चढतात, काही गवतात वीतभर उभ्या राहतात. फूल लहान कंदिलासारखे. खाली फुगीर, मध्ये नळीसारखे आणि वर पाकळ्यांची टोके जुळलेली. बारीक माशी वासाने आत शिरते आणि नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे तिला परतता येत नाही. पुढे केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि माशी अंगावर पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. भारतात कंदीलपुष्पाच्या पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यांतील बऱ्याच पश्चिम घाट सोडून जगाच्या पाठीवर कोठेही नाहीत. एखाद्या डोंगराचा कडा तुटला, एखादा सडा खणला गेला, की एक संपूर्ण जात कायमची संपू शकते. शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानाने या जातींचा संग्रह केला, त्या वाढवल्या आणि काहींची रोपे त्यांच्या मूळ रानात परत लावण्याचे प्रयत्न केले. हे काम थोर आहे. कोल्हापूरला कुस्ती, गूळ आणि चप्पल यांचा जसा अभिमान आहे तसाच या कंदिलांचाही असावयास हवा.

परंतु अभिमानापाशी थांबणे परवडणारे नाही, कारण याच वहीत दुसरेही एक पान आहे. ते नरक्याचे. हे सह्याद्रीच्या सदाहरित रानातील मध्यम उंचीचे झाड; दुर्गंधीमुळे लोकांनी त्याला हे नाव दिले. लाकूड इमारतीला निरुपयोगी, म्हणून पिढ्यान् पिढ्या त्याकडे कोणी फिरकले नाही. १९६६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावर परिणामकारक द्रव्य वेगळे केले. पुढे १९७२ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते द्रव्य नरक्यातही असल्याचे दाखवून दिले. १९९६ साली या द्रव्यापासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. जगाच्या बाजारात मागणी वाढली आणि कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या रानांत कुऱ्हाडी चालल्या. नरक्याच्या चोरट्या तोडीच्या आणि वाहतुकीच्या बातम्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रांना नव्या राहिल्या नाहीत.

या व्यवहाराची साखळी पाहावी. एका टोकाला औषध आहे. त्याच्या किमतीचा आकडा सीपीआरच्या दारात बसलेल्या कुटुंबाची छाती दडपून टाकतो. दुसऱ्या टोकाला त्याच कुटुंबासारखे एखादे डोंगरातील कुटुंब आहे. त्यातील तरुणाने चार पैशांसाठी रात्री मोळी वाहिली आणि वनखात्याच्या हाती सापडला. मधले दलाल, व्यापारी आणि निर्यातदार हे सहसा दृष्टीस पडत नाहीत. झाड गेले ते डोंगराचे, शिक्षा झाली ती डोंगरातील माणसाला, आणि औषध मिळाले ते पैसा असलेल्याला. वनस्पती उद्यानातील नरक्याच्या रोपासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे शास्त्रीय नाव आणि कूळ सांगितले जाते. ही साखळीही सांगितली गेली पाहिजे. ती सांगितली नाही तर वनस्पतिशास्त्राचा धडा अर्धाच राहतो.

वनस्पती उद्यानांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १५४५ साली इटलीतील पादुआ येथे विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी औषधी बाग लावली गेली. पुढे साम्राज्ये वाढली तशी बाग ही व्यापाराची दासी झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली कलकत्त्याजवळ शिवपूर येथे उद्यान उभारले ते कंपनीच्या व्यापाराला उपयोगी पडतील अशी झाडे रुजवण्यासाठी. १८७६ साली ब्राझीलमधून रबराचे बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले गेले. तेथे उगवलेली रोपे सिलोन व मलायात पोहोचली आणि ब्राझीलचा रबराचा मक्ता पुढे मोडून पडला. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यातील ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युदन या एळवा जातीच्या वैद्याचे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोकणी पंडितांचे होते. त्या ग्रंथात निदान त्यांची नावे नोंदली गेली. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत रान दाखवणाऱ्या, कंद ओळखणाऱ्या, काट्यांतून वाट काढणाऱ्या असंख्य धनगर, कातकरी आणि कुणबी वाटाड्यांची नावे कोणत्याही पाटीवर आली नाहीत. कंदीलपुष्पांच्या जातींना लॉ, ह्यूबर, मॅक्कॅन अशा अभ्यासकांची नावे मिळाली. तो कंद उकरून खाणाऱ्या गुराख्याच्या पोराला तो आधीपासून ठाऊक होता, ही गोष्ट शास्त्राच्या तळटिपेतही आली नाही.

स्वतंत्र देशातील विद्यापीठाच्या बागेने ही परंपरा मोडली पाहिजे. ती मोडण्याचा मार्ग अवघड नाही. प्रत्येक झाडाच्या पाटीवर शास्त्रीय नावाइतक्याच ठळक अक्षरांत मराठी नाव असावे. ते झाड ज्या गावच्या रानातले, त्या गावाचे नाव असावे. गावात त्याला काय म्हणतात आणि त्याचा उपयोग काय, हे दोन ओळींत असावे. शित्तूर, दाजीपूर किंवा पारगड परिसरातून आलेल्या शेतकऱ्याला त्या पाटीवर आपले रान दिसले तर ती बाग त्याची होईल. आज त्याला लॅटिन अक्षरांची पाटी दिसते आणि ही जागा शिकलेल्यांची आहे असे मानून तो फाटकावरूनच मागे फिरतो. फाटकाला कुलूप नसतानाही माणूस बाहेर राहू शकतो, हे समाजवाद्यांना तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ही झाडे आश्रयाला का आली? राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांतील सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे पठार. उन्हाळ्यात ते ओसाड दिसते, म्हणून सरकारी दप्तरात त्याची गणना पडीक जमिनीत होते. पावसाळ्यात त्याच खडकाच्या कपच्यांत, वीतभर मातीत, शेकडो जातींची फुले उमलतात. तोच खडक पाऊस मुरवतो आणि खालच्या वाडीचा झरा उन्हाळ्यापर्यंत जिवंत ठेवतो. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळापासून अनेक माळांवर नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प लावून हिरवळीचे आकडे पुरे करण्यात आले. आकडे हिरवे झाले. मूळ गवत, त्यावर जगणारे पक्षी आणि गुरांचा चारा मात्र गेला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला व त्यात राधानगरीचा समावेश केला. त्याआधी २०११ साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामसभांना विश्वासात घेऊन घाट राखण्याची योजना मांडली होती. ती बाजूला ठेवण्यात आली. पुढे कस्तुरीरंगन समिती नेमली गेली, आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे निघाले. मसुदे निघत राहिले तेव्हा यंत्रे थांबून राहिली नव्हती. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या घराघरांत शिरले. महापुराची कारणे अनेक आहेत. परंतु डोंगरमाथ्याने पाणी धरून ठेवण्याची शक्ती गमावणे नदीकाठच्या शहराला परवडत नाही, हे सांगावयास तज्ज्ञांची समिती लागत नाही.

येथे एक धूर्त युक्तिवाद पुढे येतो. दुर्मिळ वनस्पती उद्यानात सुरक्षित आहेत, त्यांचे बी जपून ठेवले आहे, मग सडा खणण्यास हरकत कोणती? या युक्तिवादाला उद्यानातील कंदीलपुष्पच उत्तर देते. कुंडीत कंद जगतो; परंतु फूल ज्या माशीसाठी घडले ती माशी कुंडीत आणता येत नाही. जांभ्या खडकावरची वीतभर माती, तेथील धुके, शेजारचे गवत, ते चरणारे जनावर, यांतील काहीही कुंडीत मावत नाही. पूरग्रस्तांना शाळेच्या इमारतीत आसरा देणे हे कर्तव्य आहे. पण शाळेत आसरा दिला म्हणून त्यांचे गाव बुडाले तरी चालेल, असे कोणी म्हणत नाही. उद्यान हा आसरा आहे, पुनर्वसन नव्हे. आणि ज्यांनी तो उभारला ते संशोधकच हे प्रथम सांगतील.

तथापि या युक्तिवादाच्या विरुद्ध टोकाचाही एक युक्तिवाद आहे आणि तोही तितकाच एकांगी आहे. शहरातील निसर्गप्रेमी खाण बंद करा म्हणतो, अभयारण्याची हद्द वाढवा म्हणतो, आणि रविवारी फुले पाहून परततो. डोंगरातील धनगरवाड्यावर मात्र खाणीतील रोजंदारी हीच अनेकदा वर्षातील रोख पैशाची एकमेव वाट असते. दाजीपूरचे रान ही कोल्हापूरच्या राजांची शिकारीची जागा होती. १९५८ साली तेथे राज्यातील पहिले अभयारण्य झाले, १९८५ साली त्याचा विस्तार राधानगरीपर्यंत होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. राजाचे रान लोकांचे झाले, हे योग्यच झाले. पण त्या हद्दीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला जळण, चारा आणि हिरड्यासाठी परवानगी मागत हिंडावे लागले, तेव्हा ‘लोक’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता बदलला नाही. ज्याच्या दारातील झाड राखावयाचे त्याच्या पोटाचा विचार न करणारे निसर्गप्रेम टिकणार नाही, आणि टिकू नये.

म्हणून उद्यानाचे काम फाटकाच्या आत संपत नाही. तेथे नरक्याची रोपे तयार करण्याचे ज्ञान आहे. ते ज्ञान आणि ती रोपे डोंगरातील गावांच्या रोपवाटिकांत गेली पाहिजेत, आणि वाढलेल्या झाडावरचा हक्क ग्रामसभेचा असला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची तरतूद केली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही अनिवार्य मानली आहे. पुष्कळ गावांतील या नोंदवह्या कार्यालयात बसून भरल्या गेल्या, हे उघड गुपित आहे. गावातील म्हाताऱ्या बायांना विचारून, रान हिंडून, उद्यानातील विद्यार्थ्यांच्या मदतीने ती वही खरी लिहिली गेली तर उद्या नरक्याचा दलाल गावात येईल तेव्हा गावाच्या हाती कागद असेल. तालुक्यातील कार्यकर्त्याने हे काम हाती घेण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

उद्यान राखणाऱ्या माणसांचाही विचार याच ओघात झाला पाहिजे. जुलैत वनमहोत्सव, ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, हिवाळ्यात पुष्पप्रदर्शने असा कोल्हापूरचा हिरवा पंचांग आहे. व्यासपीठावर पाहुणे बसतात, रोप लावताना छायाचित्र निघते. त्या रोपाला एप्रिल-मे महिन्यांत पाणी घालणारा माळी छायाचित्रात नसतो. सार्वजनिक बागांतील माळीकाम कंत्राटावर देण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. कंत्राट बदलते, माणूस बदलतो, आणि कोणत्या कुंडीला किती पाणी लागते हे त्याच्या हाताला आलेले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. दुर्मिळ रोप वर्षानुवर्षे जगवावयाचे असेल तर ते जगवणाऱ्याची नोकरी तरी वर्षभर टिकली पाहिजे. कामगाराचा प्रश्न आणि झाडाचा प्रश्न येथे एकच होतो.

कार्यकर्त्यांनी सुरुवात साधी करावी. श्रावणात एखादा दिवस काढून, वाड्यावस्त्यांवरील शाळांची मुले बरोबर घेऊन, रीतसर परवानगीने विद्यापीठाचे उद्यान पाहावे. बरोबर एखादा जुना धनगर किंवा वैदू असावा. शिक्षकाने शास्त्रीय नाव सांगावे, त्याने रानातले नाव सांगावे, आणि मुलांनी दोन्ही वहीत लिहून घ्यावीत. त्याच महिन्यात मुलांना मसाईच्या पठारावर न्यावे आणि कुंडीत पाहिलेले फूल उघड्यावर शोधावयास लावावे. ज्या मुलाने एकदा ते गवतात शोधून काढले त्याला पुढे कोणी ‘ही पडीक जमीन आहे’ असे सांगून फसवू शकणार नाही.

टाऊन हॉलच्या बागेत दुपारी झाडाखाली बसलेल्या बाईला त्या झाडाचे नाव ठाऊक नसेल. तिच्या घरामागच्या डोंगरातील एक झाड आतल्या रुग्णाच्या औषधाशी नाते सांगते, हेही तिला कोणी सांगितलेले नाही. ते तिला कळावे, त्या झाडावर तिच्या गावाचा हक्क असावा, आणि त्याचे औषध तिच्या माणसाला परवडावे, या तीन गोष्टी घडल्या तर कोल्हापूरच्या बागा खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाल्या असे म्हणता येईल. तोवर आश्रयाला आलेली झाडे सांभाळणे, आणि त्यांच्या परतीची वाट मोकळी ठेवण्यासाठी झगडणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.